पैनगंगेपलीकडचे मत

किनवटच्या उत्तरेला पैनगंगा वळणे घेत वाहते. आज ती नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. 1937 साली ती दोन राजवटींची हद्द होती. दक्षिण तीरावर सागवानाची दाट जंगले, गोंड-कोलामांच्या वाड्या, माहूरचा डोंगर आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचा अंमल. किनवट तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. उत्तर तीरावर उमरखेड, पुसद आणि सारा वऱ्हाड. बोली एक, सोयरिकी एक, बाजारहाटही एकमेकांत मिसळलेला. कागदोपत्री तर वऱ्हाडही निजामाचाच होता. 1936 च्या करारात ब्रिटिशांनी निजामाचा नावापुरता हक्क पुन्हा मान्य केला होता आणि त्याच्या युवराजाला वऱ्हाडचे राजपुत्र असा किताबही बहाल केला होता.

तरीही 1937 च्या निवडणुकीत वऱ्हाडातला खातेदार मतपेटीपाशी गेला. मताधिकार तुटपुंजा होता, पण त्यातून निवडून आलेले मंत्रिमंडळ नागपुरात कायदेमंडळापुढे उभे राहून उत्तरे देऊ लागले. नदीच्या अलीकडच्या शेतकऱ्याला मात्र फर्मान तेवढे ऐकायचे होते. सारा किती, लेव्ही किती, मुले कोणत्या भाषेत शिकणार, सभा भरवायची की नाही, हे सगळे हैदराबादेत ठरे आणि ठरवणारे कोणालाही जाब देणे लागत नसत. हा जाब मागण्याचा हक्क म्हणजेच जबाबदार राज्यपद्धती. ती हवी, याविषयी विचारी माणसांत दुमत नव्हते. ती मागायची कशी, हे कोणालाच उमगत नव्हते. मराठवाड्याने ती रीत शोधण्यात दशकाहून अधिक काळ घालवला.

पहिला अडथळा होता सभाबंदी. सरकारी हुकुमाने परवानगीवाचून सभा घेणे गुन्हा ठरवले होते. मग पुढाऱ्यांनी संस्थानाबाहेर सभा भरवल्या. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने 1923 साली काकीनाड्याला, 1926 साली मुंबईत, 1928 साली पुण्यात आणि 1931 साली अकोल्याला झाली. ठराव झाले, भाषणे गाजली. पण काकीनाड्याला झालेला ठराव किनवटच्या रयतेपर्यंत पोहोचायचा कसा? घराबाहेर उभे राहून घरधन्याला हाका मारण्यासारखाच तो प्रकार होता, आणि त्या हाका उंबऱ्याच्या आत कधी पोहोचल्याच नाहीत.

मग दुसरी वाट चाचपून झाली. सरकारला राजकारण खुपत होते, भाषा आणि शिक्षण तितकेसे खुपत नव्हते. तेलंगणात आंध्र महासभा उभी राहिली होती. त्याच धर्तीवर 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी शाळा, वाचनालये, शेतकऱ्यांचे हाल हे विषय वर आणि स्वराज्याची आस आत, अशी तिची घडण होती. त्याआधी काही वर्षे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत भगव्या वस्त्रांतला एक मुख्याध्यापक मुले घडवत होता. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, 1932 साली संन्यास घेतल्यावर स्वामी रामानंद तीर्थ. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेला हा संन्यासी 1938 च्या लातूर अधिवेशनापर्यंत परिषदेचा कणा होऊन बसला होता.

त्याच वर्षी पहिली झेप घेतली गेली. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या परिषदांच्या भिंती ओलांडून एकच संघटना काढायचे ठरवले. तिचे नाव हैदराबाद स्टेट काँग्रेस आणि ध्येय निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. रीतसर जन्म होण्याआधीच, सप्टेंबर 1938 मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. अर्भक पाळण्यात पडण्यापूर्वीच अपराधी ठरले. 24 ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने बंदी मोडली, पाठोपाठ स्वामीजींनीही तुरुंगाची वाट धरली. आठवड्यामागून आठवडे तुकड्या येत राहिल्या, शेकडो माणसे गजांआड गेली. आणि ऐन भरात, 24 डिसेंबरला, सत्याग्रह थांबला. त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही लढा चालू होता. दोन्ही लढ्यांची सरमिसळ होऊन लोकशाहीच्या मागणीला जातीय रंग चढेल, ही गांधीजींची चिंता होती आणि संघटनेने त्यांचा सल्ला मानला. तुरुंगातल्या कार्यकर्त्यांना तो घास गिळणे किती जड गेले असेल! तरी हा निर्णय या लढ्यातल्या सर्वांत धीराच्या निर्णयांपैकी एक होता, कारण त्यामुळेच पुढे लढ्याची मागणी स्वच्छ राहिली.

या पडझडीत एक अपघात घडला आणि तो पुढे फार मोलाचा ठरला. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ गायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ती झुगारली, आणि शेकडो तरुण उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकले गेले. राज्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. पण नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांसाठी दार उघडले. त्यांच्यात पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. सरकारने ज्यांना विद्यापीठाबाहेर काढले, त्यांना पलीकडच्या मोकळ्या हवेत घडायला मिळाले, आणि त्यांतले कितीतरी जण लढ्यात परतले. उत्तर इथेच, हाताशी येऊन थांबले होते. ते ओळखायला आणखी नऊ वर्षे लागली.

ती वर्षे संथ आणि कष्टाची होती. स्टेट काँग्रेसचे नाव उच्चारता येत नव्हते, म्हणून पुन्हा महाराष्ट्र परिषदेचा आधार घेतला गेला. 1941 साली उमरी, 1943 साली औरंगाबाद, 1944 साली सेलू आणि 1945 साली पुन्हा लातूर अशी अधिवेशने होत राहिली. स्वामीजी मधूनमधून तुरुंगात जात, सुटत, पुन्हा जात. एक गोष्ट इथे स्पष्ट नोंदवली पाहिजे. या परिषदांची भाषा वकिलांची आणि शिक्षकांची होती, किनवटच्या जंगलात ती फारशी पोहोचली नव्हती. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमरम भीम जंगल-जमिनीच्या हक्कासाठी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याचे रान आणि परिषदेचा मंडप यांच्यातले अंतर त्या वेळी कोणी कापले नाही.

जुलै 1946 मध्ये बंदी उठली. अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि मवाळ गटाचे बूरगुल रामकृष्णराव यांच्यात अटीतटीची लढत झाली, स्वामीजी निवडून आले. उत्साहाला उधाण येते न येते तोच ऑक्टोबरमध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. आता केवळ तुरुंगवासाची किंमत पुरणार नाही, हे नांदेड जिल्ह्याला त्या दिवशी कळले.

निर्णायक क्षण आला जून 1947 मध्ये, तोही शत्रूच्याच हातून. ब्रिटिश निघून गेले की आपण स्वतंत्र सार्वभौम राजे होणार, असे फर्मान निजामाने काढले. आजवरची मागणी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती एवढीच होती. ते छत्रच आता हिंदुस्थानापासून तुटून निघणार होते. 16 ते 18 जून या दिवसांत हैदराबादेत मुशीराबादच्या मैदानावर स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन भरले. ज्या संघटनेला जन्मण्याचीही परवानगी नव्हती, ती राजधानीत उघड्या मंडपात बोलत होती. तिथे नऊ वर्षांचा गुंता सुटला. भारतात विलीनीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती या दोन मागण्या नाहीतच, एकीवाचून दुसरी अशक्य आहे, हे निःसंदिग्धपणे मांडले गेले. छत्राखाली हक्क मागणाऱ्यांनी छत्रच नाकारले.

मागणी सापडली, तशी रीतही सापडली. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. ते चहूबाजूंनी भारतीय प्रांतांनी वेढलेले होते, आणि त्या प्रांतांत लोकांनी निवडलेली सरकारे होती. ज्या सीमेने आजवर ठराव बाहेर ठेवले, तिच्याच पलीकडे ठाण मांडून आत लढता येणार होते. स्वामीजींना ऑगस्टमध्ये अटक झाली, निजाम आणि भारत सरकार यांच्यातल्या जैसे थे करारानंतर काही काळ सुटका आणि जानेवारी 1948 मध्ये पुन्हा तुरुंग. पण भोकरचे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती आधीच सीमेबाहेर गेली होती. गोविंदभाई श्रॉफ तिच्यात होते. सोलापूर, बार्शी, मनमाड, लोणार, चांदा, उमरखेड अशी केंद्रे सीमेभोवती उभी राहिली. वकिलांनी न्यायालये सोडली, मुलांनी कॉलेजे सोडली, पटवाऱ्यांनी दप्तरे सोडली. गावोगाव शिंदीची झाडे कोसळू लागली, सरकारी जंगलात कुऱ्हाडी चालल्या, करोडगिरी (जकात) नाके पेटले, लेव्हीचे धान्य अडले. परिषदेच्या मंडपात जे घडले नव्हते ते या जंगल सत्याग्रहाने घडवले: राजकारण रानातल्या माणसाच्या हातातल्या हत्यारापर्यंत पोहोचले.

पैनगंगेचा काठ आता रात्रीचा जागा असे. अंधारात माणसे उतारावरून नदी ओलांडत, ठाण्याची, नाक्याची खबर घेत आणि उजाडायच्या आत पलीकडे परतत. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या सशस्त्र रझाकार संघटनेने गावे जाळायला सुरुवात केली, तेव्हा हीच वाट घरदार सोडून निघालेल्या कुटुंबांचीही झाली.

30 जानेवारी 1948 रोजी साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे आणि त्यांच्या साथीदारांनी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली. सात वर्षांपूर्वी ज्या गावात परिषदेने ठराव केले, तिथूनच सुमारे वीस लाख रुपये लढ्याच्या तिजोरीत आले. त्या काळात हा आकडा अचाट होता. रक्कम सुखरूप पोहोचवण्याची धडपड चालू असतानाच दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. विजयाची वार्ता आणि ती वार्ता, दोन्ही एकाच दिवसाच्या पोटी जन्मल्या. वैयक्तिक चैनीसाठी या पैशातला एक रुपयाही वापरायचा नाही, ही शिस्त कार्यकर्त्यांनी पाळली. बंदुकीच्या धाडसापेक्षाही मराठवाड्याने अभिमान बाळगावा अशी गोष्ट ती आहे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. पण मागितलेली वस्तू अजूनही हाती आली नव्हती. आधी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी अंमल, मग 1950 पासून एम. के. वेल्लोडी यांचे नेमलेले सरकार. राजा हरला होता, तरी राज्यकारभार अजून लोकांना बांधील नव्हता.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत किनवटच्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला. वऱ्हाडातल्या 1937 च्या मतदाराला लागे तशी शेतसाऱ्याची अट आता कोणालाच नव्हती. 6 मार्च 1952 रोजी बूरगुल रामकृष्णराव यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. स्वामीजी मंत्रिपदापासून दूर राहून गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. हैदराबादच्या 175 सदस्यांच्या विधानसभेत समोरच्या बाकांवर विरोधी पक्षनेते म्हणून व्ही. डी. देशपांडे बसले होते. ते कम्युनिस्ट होते, मराठी होते आणि तेलंगणातून निवडून आले होते. जमिनीविषयी, धान्याविषयी, पोलिसांविषयी ते प्रश्न विचारत होते आणि मंत्र्यांना उभे राहून उत्तरे द्यावी लागत होती.