नोंदीचे शास्त्र : रायगडच्या किनाऱ्यावरील महाविद्यालयीन ग्रंथालये

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची योग्यता त्यातील कपाटांच्या संख्येवरून ठरविण्याची जी रीत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती, ती रायगडच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्याला नेहमीच जाचक ठरली. कारण मुंबईचे दिवे रात्री ज्या किनाऱ्यावरून दिसतात, त्या किनाऱ्यावर मुंबईची पुस्तके मात्र सहजी कधीच पोहोचली नाहीत. १९६१ साली अलिबागेत जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय निघाले, पुढे मुरूड, श्रीवर्धन, पेण, उरण येथेही उच्च शिक्षणाची सोय झाली, आणि १९८९ साली लोणेऱ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. तरीही एखाद्या प्राध्यापकास जुन्या नियतकालिकातील एका लेखाची गरज पडली, तर रेवसची लाँच गाठून भाऊच्या धक्क्यावर उतरावे आणि राजाबाई टॉवरच्या छायेतील विद्यापीठ ग्रंथालयात दिवस घालवावा, हाच मार्ग होता. पावसाळ्यात तर मांडव्याची जलवाहतूकच बंद पडे, आणि ऐन अभ्यासाच्या महिन्यांत अनेकदा खुष्कीचा, पेणवरून वळसा घालून जाणारा रस्ता धरावा लागे.

हे अंतर ज्या योजनांनी कमी केले, त्यांचे मूळ १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आरंभिलेल्या आणि पुढे गांधीनगर येथे स्थिरावलेल्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्रात आहे. या केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० पासून महाविद्यालयांसाठी चालू असून, तिच्याद्वारे सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि लक्षावधी इलेक्ट्रॉनिक पुस्तके, कोणत्याही लहान महाविद्यालयास परवडेल अशा वार्षिक वर्गणीत, वाचावयास मिळतात. ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ठेवलेले असतात, आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. २०२५ च्या आरंभापासून केंद्र शासनाची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना अमलात आली. परंतु तिचा पहिला लाभ केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांना मिळावयाचा असल्याने, आपल्या किनाऱ्यावरील बहुतांश महाविद्यालयांना, म्हणजे खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या महाविद्यालयांना, ‘एन-लिस्ट’चाच आधार आहे.

या योजनेत ग्रंथपालाचे काम केवळ वर्गणी भरण्यापुरते नसते. प्रत्येक विद्यार्थ्याचे व अध्यापकाचे नाव नोंदवून त्याला परवलीचा शब्द मिळवून देणे, तो विसरला म्हणजे पुन्हा देणे, आणि मुख्यतः कोणत्या शब्दांनी शोध घेतला असता काय हाती लागते हे शांतपणे शिकविणे, ही सेवा तो करतो म्हणूनच श्रीवर्धनच्या मुलीला घरी बसून, मोबाइलच्या लहानशा पडद्यावर का होईना, मत्स्यविज्ञानातील ताजा निबंध उघडता येतो. जेथे ही शिकवणूक होत नाही, तेथे वर्गणीची पावती तेवढी दप्तरी जमा होते आणि वाचक पूर्ववत् कोरडाच राहतो.

ग्रंथालयाच्या अंतर्गत व्यवहारातही पालट झाला आहे. दाखलनोंद वही, तालिकापत्रांचे लाकडी खण आणि देवघेवीच्या चिठ्ठ्या यांची जागा ‘सोल’ या ‘इन्फ्लिबनेट’च्याच प्रणालीने, अथवा न्यूझीलंडमध्ये एका लहान सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ साली तयार होऊन पुढे जगभर विनामूल्य पसरलेल्या ‘कोहा’ने घेतली, पुस्तकाच्या पाठीवर बारकोड आला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडेच्या आठवडे चालणारी साठा पडताळणी थोड्या दिवसांत उरकू लागली. याहूनही मोलाचा लाभ असा की, कोणते पुस्तक पाच-पाच वर्षे कोणी हातात घेतले नाही आणि कोणत्या पुस्तकासाठी विद्यार्थी रांगेत ताटकळतात, हे ग्रंथपालास निश्चित आकड्यांत दिसू लागले, व खरेदीची यादी विक्रेत्याच्या आग्रहावरून न ठरता वाचकांच्या गरजेवरून ठरविण्याची सोय झाली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्याचा एक नियम आहे. त्याचे पालन करण्याचे साधन आज प्रथमच लहान महाविद्यालयाच्या आवाक्यात आले आहे. मात्र मूल्यांकन समिती येणार म्हणून घाईघाईने संगणक बसवावा आणि समितीची पाठ फिरताच पुन्हा वही उघडावी, अशी जी प्रवृत्ती काही ठिकाणी आढळते, तिचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही.

बाहेरून येणारे हे ज्ञान कितीही विपुल असले तरी ते सर्वत्र सारखेच असते. गडचिरोलीस जी नियतकालिके उघडतात तीच मुरूडला उघडतात. तेव्हा रायगडच्या ग्रंथपालाची खरी कसोटी लागते ती जे साहित्य फक्त त्याच्याजवळच आहे, किंवा त्यानेच जमविले पाहिजे, त्या साहित्याच्या बाबतीत. आणि येथे यंत्रापेक्षा नोंद करणाऱ्याची विद्वत्ता व चिकाटी अधिक कामास येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावाचेच घ्या. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. त्यापूर्वीचे यच्चयावत् साहित्य, मग तो १८८३ साली प्रसिद्ध झालेला कुलाबा-जंजिऱ्याचा गॅझेटियर असो की जनगणनेचे अहवाल असोत, कुलाबा या नावाखाली आहे. आजच्या विद्यार्थ्याने संगणकात ‘रायगड’ असा शब्द घातला, तर त्याला शिवछत्रपतींच्या राजधानीवरील पुस्तके मिळतील, पण आपल्या तालुक्याच्या शेतसाऱ्याचा इतिहास मिळणार नाही. ‘कुलाबा’ असा शब्द घातला, तर मुंबईचे दक्षिण टोक आणि अलिबागचा जलदुर्ग ही दोन्ही एकत्र समोर येतील. जंजिरा संस्थान तर १९४८ पर्यंत या जिल्ह्यात नव्हतेच, आणि जुन्या कागदांत त्याच्या मुलखाचा उल्लेख हबसाण असाही येतो. चौलचा प्रकार याहून विलक्षण आहे. टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव सिमिल्ला, अरब प्रवाशांच्या वृत्तांतांत सैमूर, पोर्तुगीजांच्या दप्तरांत चौल. आणि पंधराव्या शतकात तेथे उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन, ज्याचे स्मारक आज रेवदंड्यास उभे आहे, त्याने आपल्या भाषेच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले रूप निराळेच. ही सारी नावे एकाच बंदराची आहेत, ही गोष्ट संगणकास ठाऊक नसते. ती ज्याला ठाऊक आहे अशा माणसाने एकदा बसून प्रमाण नावांची यादी केली, प्रत्येक पर्यायी नावापुढे ‘पाहा : चौल’ असा निर्देश दिला, आणि तो आंतरराष्ट्रीय नमुन्यातील नोंदीत घातला, म्हणजे मग यंत्र ते ज्ञान कंटाळा न करता प्रत्येक वाचकाला पुरवीत राहते.

मराठी पुस्तकांच्या नोंदींची आणखी एक अडचण आहे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत लिहिली गेली, किंवा ज्या टंकांत अक्षर मराठी दिसे पण यंत्राच्या पोटात इंग्रजी चिन्हच साठे, अशा टंकांत लिहिली गेली. परिणाम असा की ‘कोसला’ ही कादंबरी एका नोंदीत एका इंग्रजी स्पेलिंगने आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्याच स्पेलिंगने राहिली, व पुस्तक कपाटात असूनही संगणकाने ‘नाही’ असे उत्तर दिले. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पुस्तके अनुस्वारांनी भरलेली. ‘कोंकण’ आणि ‘कोकण’ ही दोन रूपे यंत्राच्या लेखी दोन निरनिराळे शब्द होत. या जुन्या नोंदी एकेक करून देवनागरी युनिकोडमध्ये पुन्हा लिहिणे, हे काम कोणत्याही अहवालात शोभून दिसणारे नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि त्यासाठी मान्यवरांस बोलाविता येत नाही. परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून उपयुक्त असे दुसरे काम आजमितीस ग्रंथालयांत नाही.

यानंतर प्रश्न येतो संग्रहाचा. १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, चालविला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. १९३४ साली डॉ. आंबेडकर स्वतः चरीच्या शेतकरी परिषदेस उपस्थित होते, आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. भारतातील शेतकऱ्यांच्या इतिहासात एवढे मोठे स्थान असलेल्या या लढ्याचे कागद कोठे आहेत? काही शासनाच्या दप्तरांत आहेत. पण पत्रके, सभांचे वृत्तांत, खोतांच्या पावत्या, कुळांच्या वह्या, गावोगावच्या पंचांचे निवाडे हे सारे घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत आणि फळ्यांवर विखुरलेले असते. कोळी समाजाच्या सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, मिठागरांचे जमाखर्च, रेवदंडा-नवगावच्या परिसरातून गेलेल्या बेने इस्रायलांची मराठी पुस्तके, यांचीही गत तीच आहे.

हे साहित्य मिळवून त्याच्या प्रतिमा घेणे आणि त्या सर्वांस खुल्या करणे, यासाठी फार मोठे द्रव्य लागत नाही. वरून टिपणारा एक स्कॅनर, एक संगणक, आणि ‘डीस्पेस’ किंवा ‘ग्रीनस्टोन’ यांसारखी विनामूल्य प्रणाली एवढी सामग्री पुरेशी होते. काळजी घ्यावी लागते ती निराळ्याच गोष्टींची. कागद सपाट करताना घडी मोडू नये. इंचास किमान तीनशे बिंदू या घनतेने प्रतिमा घ्यावी. मूळ प्रतिमा न दाबता जपून ठेवावी आणि वाचकांस द्यावयाची हलकी प्रत निराळी करावी. कागद कोणत्या गावचा, कोणाकडून मिळाला, कोणत्या सालचा, हा तपशील त्याच दिवशी लिहावा. प्रतिमेवरून अक्षर ओळखणारे यंत्र आता मराठीही वाचते, पण झिजलेले खिळे, पसरलेली शाई व जुनी जोडाक्षरे यांपुढे ते वारंवार चुकते, आणि मोडी कागदांसाठी आजही मोडी जाणणारा माणूसच शोधावा लागतो. कायद्याचे भानही सुटता कामा नये : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेपर्यंत त्याचे स्वामित्व टिकते, म्हणून प्रत्येक पुस्तक सर्वांस खुले करता येत नाही, जे खुले करता येत नाही त्याची निदान नोंद तरी प्रसिद्ध करता येते.

जुन्या नोंदींचा पुढे काय उपयोग होईल हे आधी कोणीच सांगू शकत नाही, याचा पुरावा अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनांत व्यत्यय येईल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले, आणि आजतागायत ते तेथे चालू आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत सप्टेंबर १८५९ मध्ये माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलेले आकडे तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासले, आणि त्या वेळच्या प्रचंड सौर वादळाची तीव्रता त्यांवरून ठरविता आली. लिहिणाऱ्याने वेळ, स्थळ व उपकरण यांचा तपशील सोडला असता, तर उरलेले आकडे निरर्थक झाले असते.

आपल्या किनाऱ्यावर कागदाचे शत्रूही फार. खारी हवा, चार महिन्यांची ओल, कसर आणि वाळवी यांच्याशी झगडा नित्याचाच. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात घरांवरची छपरे उडविली आणि कित्येक गावे दिवसेंदिवस विजेवाचून राहिली. संगणकावर सर्व भिस्त ठेवणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा असा की, प्रतिमांची एक प्रत समुद्रापासून दूर, दुसऱ्या जिल्ह्यातील सर्व्हरवर वा सहयोगी संस्थेत असलीच पाहिजे, आणि वीज नसताना देवघेव चालू राहील एवढी साधी छापील यादीही हाताशी असली पाहिजे.

हे सारे करावयाचे कोणी? एका ग्रंथपालाने, आणि बहुधा अपुऱ्या सहकाऱ्यांनिशी. यंत्रसामग्रीसाठी तरतूद करणाऱ्या शासनाने व संस्थाचालकांनी ग्रंथपालांची आणि ग्रंथालय परिचरांची रिक्त पदे भरण्याकडे आधी लक्ष द्यावे, कारण नोंद करणारा हातच नसेल तर प्रणालीवरील खर्च वायाच जाणार आहे. वाचकांकडेही एक मागणे आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण, पेण या तालुक्यांत ज्यांच्या घरी जुनी वर्तमानपत्रे, खोतीच्या पावत्या, सोसायट्यांची इतिवृत्ते किंवा मोडी कागद असतील, त्यांनी ते यंदाचा पाऊस लागण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालास दाखवावेत, प्रतिमा घेऊ द्याव्यात, मूळ कागद हवे असल्यास परत न्यावेत, आणि ते कोणत्या गावचे व कोणाच्या हातचे आहेत, हे आठवत असेल तेवढे त्याच वेळी सांगून ठेवावे.