टपालाचें दफ्तर आणि एकच रुमाल

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची चाल होती, हें आपणांस ठाऊक असेलच. एका रुमालास वाळवी लागली तरी शेजारचा रुमाल वांचण्याची आशा असे. ई-मेलचें दफ्तर राखणारे आपण मात्र पुष्कळ वेळां दहा-दहा वर्षांचा पत्रव्यवहार एकाच रुमालांत कोंबतों.

पत्र प्रथम येतें तें सर्व्हरवर. म्हणजे टपाल स्वीकारून ज्याच्या त्याच्या पेटींत घालणाऱ्या संगणकावर. तेथील जागा मोजकी. पेटी भरली कीं व्यवस्थापक तगादा लावतो, आणि आपण जुनीं पत्रें आपल्या संगणकावर उतरवून घेतों. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्यें तीं 'पी.एस.टी.' नांवाच्या एका फाइलींत जातात. पत्रें, सोबतचे कागद, पत्ते, सारें एकत्र.

ही फाइल म्हणजे साधी चोपडी नव्हे. कोणतें पत्र कोठें आहे हें सांगणारी अनुक्रमणिका तिच्या पोटांतच असते. ती बिघडली कीं पत्रें जागच्या जागीं असूनहि सांपडत नाहींत. युनिक्सवरील जुन्या 'एमबॉक्स' फाइलींतहि पत्रें एकाखालीं एक लिहिलेलीं असतात. परंतु ती साध्या मजकुराची असल्यामुळें अर्धी बिघडली तरी उरलेली डोळ्यांनीं वाचतां येते.

आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलीस २ गिगाबाइटांची मर्यादा होती. ती हद्द गांठली कीं फाइल उघडेनाशी होई. उपाय एकच: मायक्रोसॉफ्टनें दिलेल्या एका साधनानें तिची प्रत करून शेपूट छाटावयाचें आणि उरलेली दुरुस्त करावयाची. माझ्या एका वकील स्नेह्यांची फाइल अशीच अडली होती. छाटल्यावर ती उघडली. पण छाटलेल्या भागांत कोणाकोणाचीं पत्रें होतीं, हें सांगणारें कांहींच उरलें नव्हतें.

आउटलुक २००३ मध्यें नवी घडण आली. मर्यादा २० गिगाबाइटांवर गेली, आणि २०१० च्या आवृत्तींत ५० वर. गंमत अशी कीं, नव्या आउटलुकमध्यें उघडली म्हणून जुनी फाइल नवी होत नाहीं. नवी फाइल करून तींत पत्रें हलवावीं लागतात. मराठी लिहिणाऱ्यांस तर याची अधिक गरज, कारण जुन्या घडणींत देवनागरीस जागाच नव्हती. मराठी विषयाची ओळ प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसे.

दर वर्षाची फाइल निराळी करावी. कचेरीच्या सामाईक डिस्कवर ठेवून तेथूनच ती वापरूं नये. मायक्रोसॉफ्टचेंहि तसेंच सांगणें आहे. प्रत काढतांना आउटलुक बंद असावें, कारण तें चालू असतांना फाइल अडकून पडलेली असते. आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, मधलीं चार पत्रें वाचून पाहिल्यावांचून सर्व्हरवरील मूळ पत्रें पुसण्याची घाई करूं नये, मग व्यवस्थापकाचा तगादा कितीहि असो.