खेळून झालं, आता पुढे काय? डॉन स्टेलीची गोष्ट

बेंगळुरूत आमच्या सोसायटीतल्या बास्केटबॉल कोर्टवर संध्याकाळी मुलींचा नुसता दंगा असतो. कट्ट्यावर बसलेल्या आयांचा प्रश्नही ठरलेला: "खेळते आहे ते ठीक, पण पुढे काय?" प्रश्न चुकीचा नाही. त्याचं एक उत्तर मला अमेरिकेच्या डॉन स्टेलीकडे सापडलं.

डॉनचा जन्म १९७० चा, फिलाडेल्फियाच्या एका गरीब वस्तीतला. पाच भावंडांत धाकटी. उंची जेमतेम साडेपाच फूट, म्हणजे या खेळाच्या मानाने बुटकीच! तरी १९९६, २०००, २००४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत. अथेन्सला तर उद्घाटनात देशाचा झेंडा तिच्याच हातात होता. कॉलेज संपलं तेव्हा अमेरिकेत बायकांसाठी टिकाऊ व्यावसायिक लीग नव्हती, म्हणून फ्रान्स, इटली, ब्राझील असं जिथे पैसे मिळतील तिथे ती खेळली.

२००० मध्ये तिच्याच शहरातल्या टेंपल विद्यापीठाने कोच होण्याबद्दल विचारलं. तिने आधी नकार दिला. ती अजून खेळत होती ना! शेवटी तयार झाली आणि मग २००६ पर्यंत दोन्ही सांभाळलं: हिवाळ्यात कॉलेजच्या मुलींना शिकवायचं, उन्हाळ्यात स्वतः डब्ल्यूएनबीएमध्ये खेळायचं.

खरी परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. टेंपलमध्ये छान बस्तान बसलेलं असताना ती साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेली. तिचे आई-वडील मूळचे त्याच राज्यातले. पहिल्या मोसमात १० सामने जिंकले, १८ हरले. दुसऱ्या मोसमातही पराभवच जास्त. तीन सुवर्णपदकं मिळवणाऱ्या बाईला हे किती झोंबलं असेल! स्वतः खेळताना बॉल आपल्या हातात असतो. कोचला बाजूला उभं राहून बघावं लागतं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला २०१७ उजाडलं.

त्या विजयाआधीचा एक किस्सा मला फार आवडतो. तिथे जिंकलेला संघ बास्केटची जाळी कापून घेतो. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला जिंकून देणाऱ्या कॅरोलिन पेक या पहिल्या कृष्णवर्णीय महिला कोच. त्यांनी आपल्या जाळीचा तुकडा डॉनला दिला होता: तू जिंकलीस की परत कर. डॉनने तो परत केलाच, शिवाय आपल्या जाळीचे तुकडे देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले.

पुढे २०२२ आणि २०२४ मध्येही तिचा संघ जिंकला. २०२४ च्या मोसमात तर ३८ पैकी ३८! टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णही अमेरिकेला तिच्याच मार्गदर्शनाखाली मिळालं.

आपल्याकडेही या वाटेने जाणाऱ्या आहेत. भारताची माजी कर्णधार दिव्या सिंग अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकली, तिथल्या महिला संघाच्या कोचिंगमध्ये राहिली आणि नंतर भारतीय संघांसोबत काम केलं.

तेव्हा कट्ट्यावरच्या काकूंनो, पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कोचिंगचा डिप्लोमा करता येतो, एवढं लिहून ठेवा. आणि लेकीला आत्ताच घरी बोलावू नका, अजून दहा मिनिटं उजेड आहे.