अर्धांगवायूनंतर पुन्हा पायावर उभे करताना

आपल्या कोकणात अजूनही ‘अंगावरून वारे गेले’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात वारे वगैरे काही नसते. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, उजव्या बाजूला झाली तर डावे. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. आजचा विषय मात्र त्यापुढचा आहे. रुग्ण घरी आला आहे, पलंगावर पडून आहे आणि घरची माणसे विचारतात, “पाय चालेल ना आता?”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत घरी जाऊन रुग्ण पाहतो. बऱ्याच घरांत एकच दृश्य दिसते. एक जण तेल लावून पाय चोळतो आहे, दुसरा तोच पाय वर-खाली करतो आहे, तिसरा पंख्याची दिशा बदलतो आहे, आणि आजारी माणूस आढ्याकडे बघत पडला आहे. सगळे राबत असतात, फक्त ज्याचा पाय आहे तो सोडून.

मालिशला माझा विरोध नाही. कडू उंडेल लावा नाहीतर तिळाचे तेल लावा, रुग्णाला बरे वाटते. पण बिघाड पायात नाही, मेंदूत आहे. (कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्ला देणारे अजूनही भेटतात. त्याने पक्षी जातो, पाय येत नाही.) दुसऱ्याने पाय हलवल्याने सांधे आखडत नाहीत, इतपत उपयोग खरा. चालणे मात्र रुग्णाने स्वतः प्रयत्न केल्याशिवाय परत येत नाही. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, पण शाबूत भाग सरावाने त्याचे थोडेफार काम उचलतो. हा सराव पुन्हापुन्हा, कंटाळा येईपर्यंत व्हावा लागतो.

याचे एक गाजलेले उदाहरण आहे. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमधील प्राध्यापक. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे अर्धे अंग गेले. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याने वडिलांना आधी लहान मुलासारखे रांगायला लावले, लुळी बाजू भिंतीला टेकवून. पुढे ते चालू लागले आणि शिकवायलाही परतले. मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा इजा जागच्या जागी आणि मोठी होती असे दिसले. सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही, हेही लगेच सांगतो.

मग घरी करायचे काय? डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला पलंगाच्या कडेला, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून बसवा. बसून तोल सावरता आला की उभे राहणे. इथे उंच खुर्ची हवी. आपल्याकडची पाटावर बसण्याची सवय या काळात बाजूला ठेवावी. खुर्चीवर दोन उशा टाकून बैठक उंच करा. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला सांगा, धड पुढे झुकवायला सांगा, आणि म्हणा, “आप्पा, आता तुम्ही उठा.” आपण ओढायचे नाही. सुरुवातीला एका वेळी चार-पाचदा, दिवसातून अनेक वेळा. जमू लागले की एक उशी काढा. बहुतेक रुग्ण उठताना सगळा भार चांगल्या पायावर घेतात. लुळ्या पायावरही भार पडतो आहे ना, हे सारखे पाहावे लागते.

चालवताना आधार देणाऱ्याने लुळ्या बाजूला उभे राहावे. लुळा हात धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे पूर्ण टाळा. त्याने खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन् महिने जात नाही. कमरेला पंचा घट्ट बांधून तो धरावा. काठी चांगल्या हातात. आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला पाय. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. पाऊल लोंबत असेल आणि पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून टाकावा लागत असेल, तर त्यासाठी पट्टा किंवा स्प्लिंट मिळतो. तो तज्ज्ञाकडून मापाने घ्यावा.

आणखी एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. मुलगा मुंबईला, घरात सून. सासऱ्यांना सुनेचा आधार घ्यायला संकोच वाटतो, तिलाही कमरेचा पंचा धरायला अवघड वाटते. मग चाकरमानी गणपतीला येईपर्यंत चालणे बंद! पाय सुधारण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांनंतर तो बराच मंदावतो. हे दिवस संकोचात घालवणे फार महागात पडते. शेजारचा एखादा तरुण रोज अर्धा तास आला तरी चालते.

घरच्यांनी शिकून घेतले की फिजिओथेरपिस्ट नको, असे मात्र समजू नये. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायामाचे खास प्रशिक्षण दिले होते. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण सारखेच, ४७ टक्के होते. माझ्या मते यावरून घरच्यांची मेहनत वाया जाते असे ठरत नाही. ज्यांना प्रशिक्षण नव्हते, तेही काही हात बांधून बसलेले नसणार. पण तज्ज्ञाची जागा घरचा माणूस घेऊ शकतो, असेही त्यातून म्हणता येत नाही. रोज येणे परवडत नसेल तर पंधरा दिवसांनी एकदा तरी दाखवा. चूक सुधारता येते आणि पुढचा, अवघड व्यायाम मिळतो.

पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. तेव्हा चालणे पडवीत ठेवा. पायात सुटी स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या. आणि पोटरी एकाएकी सुजली, गरम लागू लागली किंवा दुखू लागली, तर ती चोळू नका. व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते.