जुन्या वस्तूची किंमत

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात किंमत ठरते ती मागणी आणि पुरवठा यांच्या छेदबिंदूवर. गहू, साखर, कापड यांच्या बाबतीत हे सूत्र समजायला सोपे आहे. कारण एक क्विंटल गहू त्याच प्रतीच्या दुसऱ्या क्विंटलासारखाच असतो आणि त्याचे विकणारे-घेणारे हजारो असतात. पण माळ्यावर पडलेली जुनी सायकल, मुलाला आखूड झालेला स्वेटर किंवा परीक्षा संपल्यावर कपाटात जाऊन बसलेली पुस्तके यांची किंमत कोणी आणि कशी ठरवायची? त्या सायकलीसारखी दुसरी सायकल नाही, विकणारा एकच, आणि घेणारा आज येईल की नाही याचीही शाश्वती नाही. 'जुने ते सोने' असे आपण तोंडाने म्हणतो आणि हाताने तीच वस्तू मोडीत घालतो. सोने आणि मोड या दोन टोकांच्या मध्ये जुन्या वस्तूची खरी किंमत कोठेतरी असते. ती कशी शोधावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील 'गॅरेज सेल'चे. कारण तेथे किंमत ठरवण्याचे काम व्यापारी करीत नाही, तुमच्या-आमच्यासारखे कुटुंबच करते.

गॅरेज सेल म्हणजे काय?

अमेरिकन उपनगरांतील पुष्कळ घरांना मोटार ठेवण्यासाठी गॅरेज असते आणि हळूहळू त्यात मोटारीपेक्षा अडगळच जास्त साठते. मग एखाद्या शनिवारी सकाळी ते कुटुंब ही अडगळ गॅरेजमध्ये किंवा घरासमोर टेबले लावून मांडते. कोपऱ्याकोपऱ्यावर हाताने लिहिलेल्या पाट्या लागतात. कपडे, खेळणी, भांडी, दिवे, हत्यारे, पुस्तके असे सर्व काही त्यात असते. काही गावांत यासाठी नगरपालिकेची परवानगीही घ्यावी लागते. ही पद्धत तेथे किती रुजली आहे याचे एक उदाहरण म्हणजे १९८७ साली सुरू झालेली महामार्ग क्रमांक १२७ वरची विक्री. ऑगस्टच्या आरंभी भरणारी ही विक्री पुढे वाढत वाढत मिशिगनपासून अलाबामापर्यंत सुमारे ६९० मैल पसरली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या पहिल्यावहिल्या खोलीतले टेबल आणि दिवा अशाच कोणाच्या तरी गॅरेजमधून आलेले असतात.

ही विक्री एक-दोन दिवसांची असते. दुकानदाराला आज न खपलेला माल उद्या विकता येतो. येथे उद्या नसतो. कुटुंब दुसऱ्या गावी चालले असेल, तर न विकलेली वस्तू बरोबर नेण्याचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून किंमत चुकली, तर सगळा खटाटोप वाया जाऊन सामान पुन्हा गॅरेजमध्ये जाते किंवा कचऱ्याच्या गाडीत.

पावती विसरावी

पहिला नियम असा की, आपण ती वस्तू केवढ्याला घेतली होती हे विसरून जावे. तो पैसा खर्च होऊन गेला. अर्थशास्त्रात त्याला बुडीत खर्च म्हणतात. तेथील अनुभवी लोकांचा ढोबळ आडाखा असा आहे की, वापरलेल्या वस्तूला नव्या किमतीच्या दहा ते तीस टक्के मागावेत. पण सर्व वस्तूंना एकच माप लागत नाही. कपडे सर्वांत खालच्या पायरीवर येतात. कारण माप, फॅशन आणि दुसऱ्याचे अंगावर घालण्याचा संकोच या तिन्ही गोष्टी आड येतात. लाकडी सामान आणि चांगली हत्यारे वरच्या पायरीवर असतात. ती वापराने फारशी बिघडत नाहीत. लहान मुलांच्या वस्तूंना गिऱ्हाईक हमखास मिळते. मुले वस्तू झिजण्यापूर्वीच मोठी होतात. विजेवर चालणारी उपकरणे मात्र नवे मॉडेल बाजारात येताच कोसळतात.

दुसरा नियम, किंमत लिहून चिकटवावी. चिठ्ठी नसेल तर भिडस्त माणूस विचारीत नाही, हात लावून पुढे जातो. आकडा सुटसुटीत असावा. तेथे पाव डॉलरच्या पटीत किंमती लावतात, म्हणजे सुट्ट्या पैशांसाठी खोळंबा होत नाही. किरकोळ वस्तू एका खोक्यात टाकून 'काहीही घ्या, पाव डॉलर' असे लिहिले की, ज्या चमच्याकडे एरवी कोणी पाहिले नसते तोही खपतो.

तिसरा नियम घासाघिशीचा. घासाघीस होणार हे गृहीत धरून थोडी जागा ठेवावी, पण फार नव्हे. अवाच्या सवा आकडा पाहिलेले गिऱ्हाईक भाव करायलाही थांबत नाही. भल्या सकाळी येणारे बहुधा सराईत असतात, त्यांतले काही स्वतः जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांनी लगेच अर्ध्या किमतीला मागितले तर घाई करू नये, दिवस अजून जायचा आहे. दुपार झाली की स्वतःच किंमत निम्मी करावी. म्हणजे एकाच वस्तूची सकाळची किंमत वेगळी आणि दुपारची वेगळी, आणि दोन्ही बरोबर! आपल्या मंडईतला भाजीवाला संध्याकाळी मेथीच्या जुडीचे हेच करतो.

मालकाची नजर आणि गिऱ्हाइकाची नजर

इतके सोपे नियम असूनही बहुतेक विक्रेते किंमत जास्तच लावतात. हा केवळ लोभ नाही. कानमन, नेच आणि थेलर या तीन अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातील वर्गात निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला. विद्यापीठाच्या दुकानात तो सहा डॉलर्सना मिळत होता. मग ज्यांना तो मिळाला होता त्यांनी केवढ्याला विकावा आणि ज्यांना मिळाला नव्हता त्यांनी केवढ्याला घ्यावा, हे विचारले. मालकांची मागणी साधारण सव्वापाच डॉलर्सची होती. घेणारे सव्वादोन ते पावणेतीनच्या वर जाईनात. मग तोच, वर्ग तोच, आणि मालकी अवघ्या काही मिनिटांची! काही मिनिटांच्या मालकीने किंमत दुप्पट होत असेल, तर वीस वर्षे घरात वावरलेल्या खुर्चीचे काय होत असेल, याची कल्पना करावी. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या संशोधनात या विषयाचा मोठा वाटा होता.

गिऱ्हाइकाची नजर नेमकी उलट असते. त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: चांगली आहे, तर विकतोस कशाला? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याच शंकेचा सिद्धांत मांडला. मोटारीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा चांगल्या मोटारीलाही कमीच किंमत देऊ करतो. ती न परवडल्यामुळे चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि उरतात त्या बहुतांशी खराब. अ‍ॅकरलॉफ यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यावरचा उपाय साधा आहे. दिवा विकायचा तर शेजारी विजेची जोडणी ठेवावी, पेटवून दाखवावा. घड्याळ मागे पडत असेल तर चिठ्ठीवर तसे लिहावे. दोष स्वतः सांगणाऱ्याच्या बाकीच्या वस्तूंवर गिऱ्हाईक विश्वास ठेवते. दोष सांगून दहा रुपये कमी होतात आणि विश्वासाने वीस वाढतात.

पैशाच्या पलीकडे

तरीही सारे हिशेबात बसत नाही. ग्रेचेन हरमन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी गॅरेज सेलचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९७ साली एक लेख लिहिला. त्यात त्यांनी प्रश्न विचारला की, येथे हातोहात जाते ती विक्रीची वस्तू की भेट? आपला पाळणा ज्या घरी जाणार ते जोडपे मनास आले, तर लोक किंमत आपण होऊन उतरवतात, कधी वर आणखी एखादी वस्तूही देतात. अशा वेळी विक्रेता पैसे मिळवीत नसतो; त्या वस्तूला चांगले घर मिळवून देत असतो.

याची दुसरी बाजूही आहे. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू विक्रीला मांडाव्या लागतात. शिवणयंत्रावर लावलेल्या आकड्यात तेव्हा यंत्राबरोबर आईचे हातही मोजलेले असतात. गिऱ्हाईक त्यांचे पैसे देऊ शकत नाही आणि त्याने कमी मागितले म्हणून तो अपमानही नव्हे. ज्या वस्तूचा परक्याने केलेला भाव आपल्याला ऐकवणार नाही, ती टेबलावर ठेवूच नये.

आपल्याकडचा व्यवहार

आपल्याकडे गॅरेज नाही, पण जुन्या वस्तूंचा व्यवहार पुष्कळ आहे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार प्रसिद्धच आहेत. दारावर येणारी बोहारीण तर मूल्यसिद्धांताची चालतीबोलती शिक्षिका होती. जुन्या साड्या आणि पँटींच्या ढिगाऱ्यासमोर ती स्टीलचे पातेले ठेवी. आजी मोठे पातेले मागे. बोहारीण 'आणखी एक जरीची टाका' म्हणे. एका पैशाचाही उल्लेख न होता तासाभरात दोघींना मान्य अशी किंमत ठरे. मात्र शेजाऱ्याला आपली जुनी वस्तू पैसे घेऊन देण्याचा आपल्याला संकोच वाटतो. मग ती नातेवाइकांकडे जाते, कामवाल्या बाईंना दिली जाते, नाही तर रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. काट्याला ज्ञानकोश आणि जाहिरातींचे कागद सारखेच.

आपल्या पुस्तकांचा हिशेब

हा विषय आपल्या महाविद्यालयाच्या अगदी जवळ येतो तो क्रमिक पुस्तकांपाशी. एक उदाहरण घेऊ. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि सवलतीत ते २७० ला मिळते असे धरू. वजन अर्धा किलो. रद्दीचा भाव किलोला १४ रुपये धरला तर त्याचे ७ रुपये होतात. ७ हा तळ झाला आणि २७० हे छत. जुन्या पुस्तकांचा दुकानदार ते ७० ला घेऊन १५० ला विकतो असे समजू. मग थेट विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला ७० ते १५० च्या दरम्यान कोणत्याही किमतीला दिले, तरी दोघांचा फायदाच आहे. ११० ला दिले तर देणाऱ्याला दुकानापेक्षा ४० रुपये जास्त मिळतात आणि घेणाऱ्याचे ४० वाचतात. समासातल्या टिपा नेटक्या असतील तर ११० चे १२० मागावेत. पाने सुटली असतील तर ९० वर यावे. आणि अभ्यासक्रम बदलायच्या आत विकावे. कारण तो बदलला की छत थेट तळाला येऊन टेकते.

वर्षाअखेरीस एका दुपारी, परीक्षा संपल्यावर, महाविद्यालयाच्या सभागृहात असा बाजार सहज भरवता येईल. पहिल्या पानावर पेन्सिलीने किंमत लिहावी, फाटलेली पाने सांगावीत, शेवटच्या तासाला किंमत निम्मी करावी आणि उरेल ते पुस्तकपेढीला द्यावे. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांत असे विद्यार्थी असतातच की ज्यांना २७० रुपये ही रक्कम पहिल्या महिन्यात उभी करता येत नाही. ते दुसऱ्याचे पुस्तक मागून, रात्री उतरवून काढून, सकाळी परत करतात. आपण पुस्तकावर २०० लिहिले तर ते आपल्याच कपाटात राहील, रद्दीत घातले तर कोणाच्याच हाती लागणार नाही. त्यांना परवडेल असा आकडा पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिणे, एवढेच आपले काम आहे.