सीलची साथ आणि उजनीचे पाहुणे

हिवाळा लागला की उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर पाहुणे उतरतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकदंब हंस आणि नाना जातींची बदके. केत्तूर, कुगाव, चिखलठाण, वांगी या काठच्या गावांना त्यांचे अप्रूप नाही. परंतु वर्तमानपत्रात ‘बर्ड फ्लू’ची बातमी आली की दवाखान्यात तेच प्रश्न सुरू होतात. “डॉक्टरसाहेब, हे पक्षीच रोग आणतात का? मासळी खावी का? कोंबडीचं काय?” उत्तरासाठी आधी थोडे दूर, थंड समुद्रावर जाऊ या.

सील हा समुद्रात राहणारा, मासे खाणारा व पिलांना दूध पाजणारा प्राणी. १९८८ साली युरोपच्या उत्तर समुद्रात सील पटापट मरू लागले. साथ डेन्मार्कच्या अनहोल्ट बेटावर प्रथम दिसली आणि काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक सील दगावले. संशय समुद्राच्या प्रदूषणावर गेला, मग कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर. प्रयोगशाळेत सापडला तो मात्र नवाच विषाणू, आपल्या गोवराच्या विषाणूच्या घराण्यातला. उत्तर ध्रुवाकडील दुसऱ्या जातीच्या सीलचे जुने, साठवलेले रक्त तपासले, तेव्हा त्यात या विषाणूची प्रतिद्रव्ये आढळली. हे सील १९८७ मध्ये मोठ्या संख्येने दक्षिणेकडे उतरले होते. त्यांनीच साथ आणली असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. २००२ साली साथ पुन्हा आली, तीही अनहोल्टपासूनच.

माग कसा काढतात?

पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. एकाने चूक केली की त्याच्या प्रतीवरून उतरवणाऱ्यांकडेही तीच चूक येई. चुका जुळवल्या की कोणती पोथी कोणावरून उतरली ते कळते. विषाणूचेही तसेच आहे. वाढताना त्याच्या जनुकांत बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहिले की साथीची वाट सापडते.

बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची वाट अशीच सापडली. आजच्या साथींचा मूळपुरुष १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील एका पाळीव हंसात मिळाला. २००५ मध्ये चीनच्याच चिंगहाई सरोवरावर ६ हजारांहून अधिक रानपक्षी मेले. त्यांत मोठा भरणा पट्टकदंबांचा, म्हणजे हिमालय ओलांडून उजनीवर येणाऱ्या हंसांच्याच जातीचा होता. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिली साथ आली व लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२२ च्या अखेरीस हाच रोग दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची सुमारे १७ हजार पिले मेली. पक्ष्यांकडून आलेला विषाणू तेथे सीलकडून सीलला लागू लागला, असे जनुकांवरून दिसले. म्हणूनच डॉक्टर मंडळी याकडे बारकाईने पाहतात.

मग दोष पाहुण्यांचाच का? नाही. रानपक्षी विषाणू दूरवर नेतात हे खरे. परंतु कोंबड्यांची ने-आण, खुराडी, अंड्यांचे ट्रे, गाड्यांची चाके आणि कोंबडखत यांतूनही तो पसरतो. पाहुण्यांना दगड मारून किंवा फटाके वाजवून हुसकावले तर ते आणखी चार तळ्यांवर पांगतील एवढेच.

धोका दूरचा नाही. मार्च २०२५ मध्ये सोलापूर शहरात तलावांच्या परिसरात कावळे मेले, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेतून बर्ड फ्लूचाच अहवाल आला. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. २०२१ मध्ये दिल्लीत एक मुलगा यानेच दगावला.

काठच्या गावांनी काय करावे?

१. मेलेला वा झिंगलेला पक्षी हाताने उचलू नये. मुलांना पिसे गोळा करू देऊ नयेत. कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नये.

२. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले तर ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. पक्षी विषाने किंवा विजेच्या तारेनेही मरतात; खरे कारण तपासणीनेच कळते. परस्पर पुरले वा पाण्यात ढकलले तर नमुना गेला आणि माग तेथेच तुटला.

३. जाळ्यात मेलेला पक्षी अडकल्यास हातमोजे किंवा हातावर प्लॅस्टिकची पिशवी घालून, नाक-तोंड झाकून काढावा व नंतर हात साबणाने धुवावेत.

४. कोंबड्यांना धरणाचे पाणी थेट पाजू नये. त्यांना रानबदकांत मिसळू देऊ नये.

५. चिकन व अंडी पूर्ण शिजवून खावीत. ७० अंशांवर आतपर्यंत शिजले की विषाणू मरतो. बर्ड फ्लू मासळीतून होत नाही. ताजी मासळी नीट शिजवून खुशाल खावी.

६. आजारी वा मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना पक्ष्याची गोष्ट आपणहून सांगावी. यावर औषध आहे, परंतु ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर गुण अधिक येतो. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून हे दिवस घालवू नयेत.

उत्तर समुद्रातील साथीचा माग लागला, कारण किनाऱ्यावरच्या लोकांनी मेलेले सील वेळेवर कळवले. उजनीच्या काठावर रोज पहाटे होडी घेऊन निघणारे आमचे मच्छीमार बांधव हेच काम करू शकतात. पाण्यावर काय नेहमीचे आणि काय वेगळे, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.