मुरमाचा रस्ता, हक्काची वाट

मराठवाड्यात पावसाळा लागला की अनेक वस्त्यांचा रस्ता बंद. अडलेली बाई बाजेवर न्यावी लागते, मुलांची शाळा बुडते. कंत्राटदार म्हणतो, जमीनच काळी! हे अर्धसत्य आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर तो चिखलात रुतणारच. पण ज्या बेसॉल्ट खडकाची ही माती झाली, त्याच खडकाचा मुरूम आपल्याच परिसरात मिळतो. वरची काळी माती काढावी, मुरमाचे थर पाणी मारून रोलरने दाबावेत, मधोमध उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना चर खणावेत. डांबराविनाही रस्ता टिकतो. 1972 च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडून रस्ते केलेच ना?

म्हणजे प्रश्न मातीचा नाही, हक्काचा आहे. पूर्वापार वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र 6 महिन्यांच्या आत. उस्मानपुऱ्यात आमच्याकडे लोक येतात ते बहुधा ही मुदत उलटल्यावर. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. सार्वजनिक वाटेचा हक्कही तसाच आहे. बांधवांनो, गावनकाशाची नक्कल आजच काढा, वाट अडताच तारीख लिहून ठेवा आणि लेखी अर्ज करून पोच घ्या.